आमच्या ह्यांनी विश्व संपवलं त्याची गोष्ट

आमचे हे दिवसातून तीन वेळा विश्वाचा शेवट करतात आणि घरी येऊन विचारतात, "भाजी कसली केलीयेस?" सकाळी शाळांच्या सहलींसाठी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. सोमवारी तारांगण बंद. त्या दिवशी विश्वाला जीवदान मिळतं आणि माझ्या डोक्याला ताप, कारण मग हे दिवसभर घरात असतात.

तारांगण म्हणजे मोठ्या रस्त्याच्या टोकाची ती घुमटाची इमारत. आत गोल हॉल, मान मागे टाकून बसायच्या खुर्च्या आणि मधोमध ताऱ्यांचं यंत्र. अंधार करायचा, घुमटावर तारे पाडायचे आणि माइकवरून लोकांना ते समजावून सांगायचे, हे ह्यांचं काम. पगाराच्या कागदावर 'निवेदक' लिहितात. माझं काम बाहेर, तिकीट खिडकीत. लोकांना मी आत पाठवते, पुढचं हे बघतात.

माणूस तसा साधा. उंची बेताची, केस त्याहून बेताचे. पण आवाज! काय सांगू तुम्हाला, घरात मीठ मागितलं तरी वाटतं काहीतरी भयंकर घडणार आहे. त्या आवाजावरच तर मी भाळले. लग्नानंतर कळलं की तो आवाज घरात फक्त मीठ मागायलाच निघतो. मनातलं काही सांगायची वेळ आली की तोंडात गुळणी धरून बसतात. विश्वाबद्दल तासभर बोलतील, स्वतःबद्दल अवाक्षर नाही.

ह्यांचा जुना शो मला तोंडपाठ आहे. सुरुवातीला एक टिंब. मग ते फुटतं, पसरतं, आकाशगंगा एकमेकींपासून लांब लांब पळतात. मग हे आवाज खाली आणायचे आणि सांगायचे, की एक दिवस हे पळणं थांबेल, सगळ्या जणी माघारी फिरतील आणि जिथून निघाल्या तिथे परत येऊन पुन्हा त्या टिंबात गोळा होतील. मग घुप्प अंधार. पोरं श्वास रोखून बसायची. आणि त्या अंधारात ह्यांचा आवाज यायचा, "घाबरू नका. जे लांब गेलं, ते परत येणार आहे. आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून." असं म्हणत टेबलावरचं मोठं गोल बटण हळूच फिरवायचे. हॉलचे दिवे असे अलगद लागायचे की खरोखर उजाडल्यासारखं वाटायचं. टाळ्यांचा कडकडाट! बाहेर पडताना बायका डोळे पुसायच्या. त्या बटणाला हे मलाही हात लावू देत नाहीत. धूळसुद्धा स्वतःच्या रुमालाने पुसतात.

आता आमच्या लेकीबद्दल. चिमी तिचं घरचं नाव. ताडमाड वाढली, बापाला वरून बघायला लागली, तरी चिमीच. लहानपणी शाळा सुटली की तारांगणात येऊन बसायची, रोज संध्याकाळचा शो बघायची आणि शेवटी सगळ्यात आधी टाळ्या वाजवायची. तिथेच तिला हे वेड लागलं. पुढे कॉलेजात तिने तोच विषय घेतला. ह्यांची छाती कशी फुगली होती, विचारू नका. दूधवाल्याला पकडून सांगायचे.

आणि तिथेच माशी शिंकली.

सुट्टीत चिमी आली होती, मैत्रिणींना घेऊन शोला बसली. शेवट झाला, उजाडलं, टाळ्या झाल्या. हे नेहमीप्रमाणे म्हणाले, "कुणाला काही विचारायचंय?" आमचं कन्यारत्न उठून उभं राहिलं. "बाबा, हे आता फारसं कुणी मानत नाही. पसरणं थांबणार नाहीये, उलट वेग वाढतोय. परतबिरत काही येणार नाही. आणि मोजून पाहिलं तर विश्व सपाट निघतंय."

भरल्या हॉलमध्ये! माइक चालू! ह्यांचे कान लाल झालेले मला दारातून दिसत होते. म्हणाले, "ज्यांना पटत नसेल त्यांनी बाहेर जावं."

चिमी म्हणाली, "कुठे? विश्वाच्या बाहेर?"

अख्खा हॉल हसला. पोरं खुर्च्यांवरून खाली पडायची बाकी राहिली. खरं सांगते, मलाही हसू आलं, मी पदर तोंडात कोंबला. पण ह्यांचा चेहरा बघितला आणि हसू घशातच राहिलं. वीसेक वर्षं घुमटाखाली उभा राहिलेला माणूस, त्याला त्याच्याच पोरीने त्याच्याच हॉलमध्ये उघडं पाडलं. त्या दिवशी घरी दोघांची जी जुंपली! हे म्हणत होते, "सपाट म्हणे! डोळे आहेत ना? वर बघ, गोल दिसतंय की नाही?" ती म्हणत होती, "बाबा, ते छत आहे!" दुसऱ्या दिवशी पाय आपटत बॅग उचलून होस्टेलवर गेली. तिकडेच नोकरी धरली. बापलेकीचं बोलणं बंद.

लोकांच्या घरात भांडणं होतात जमिनीवरून, दागिन्यांवरून, सुनेच्या स्वयंपाकावरून. आमच्या घरात विश्वाच्या आकारावरून. शेजारीण विचारते, "मुलगी येत नाही हल्ली?" काय सांगू तिला? विश्व सपाट आहे म्हणून येत नाही?

दर रविवारी चिमीचा फोन यायचा. मी तो मोठ्या आवाजावर लावून डब्यांच्या फळीवर ठेवायची. हे समोर पेपर तोंडावर धरून बसायचे. मग म्हणायचे, "तिला सांग, थंडी वाढलीये, स्वेटर घाल म्हणावं." मी सांगायची. फोनमधून आवाज, "आई, त्यांना सांग, घालते." हे पेपरातून, "तिला सांग, बरं." एकमेकांचं सगळं ऐकू येतंय, आणि मध्ये मी टपाल वाहतेय! एकदा मी चिडून म्हटलं, "मी चालले आंघोळीला, तुमचं तुम्ही बघा." परत आले तर दोघंही गप्प, फोन तसाच चालू. दोघांना एकमेकांच्या घरचे पंखे ऐकू येत होते म्हणे. हट्टात बाप तशी लेक. ना एकीकडचा पंखा बंद होई, ना दुसरीकडचा.

मग तारांगणात नव्या मॅडम आल्या. त्यांच्यामागून नवं यंत्र आलं आणि नव्या यंत्रामागून नवा मजकूर. जुनं काहीच ठेवलं नाही, फक्त हॉलचे दिवे तेवढे त्या जुन्या गोल बटणावर राहिले. मॅडमनी ह्यांच्या हातात टाइप केलेले कागद दिले. हे घरी घेऊन आले आणि जेवायच्या आधीच शेवटचं पान वाचलं. मग ताट बाजूला सारलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"चिमीचा शेवट लिहिलाय," हे म्हणाले.

मी घाबरलेच. "अहो, असं काय अभद्र बोलता!"

"म्हणजे ती म्हणत होती तो. सगळं लांब जाणार, आणखी लांब जाणार. इतकं की एकाला दुसरं दिसणार नाही. मग तारे विझणार. थंड. अंधार. संपलं." ह्यांनी कागद पालथे घातले. "पोरांना असं अंधारात सोडून मी घरी येऊन जेवू कसा?"

दुसऱ्या दिवशी मॅडमसमोर जाऊन म्हणाले, हे मी वाचणार नाही. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, विज्ञान पुढे गेलंय. नाही वाचलंत तर दुसऱ्या कुणाचा आवाज रेकॉर्ड करून घेऊ. तुम्ही चपलांच्या स्टँडवर बसा."

ह्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. "वाचीन! पण कागदात आहे तेवढंच. त्यापुढे अक्षर नाही!" असं म्हणून आले, आणि घरी मला तीच ओळ पुन्हा त्या आवाजात ऐकवली. मी म्हटलं, "मॅडमवर कसला राग काढता? परत येणार नाहीत असं कागदात लिहिलंय ते आकाशगंगांबद्दल. चिमी आकाशगंगा नाहीये. तिला गाडीने यायला चार तास लागतात. एक फोन करा."

"तिने करावा," हे म्हणाले. घ्या! विश्व बुडालं तरी चालेल, पण आधी तिने करावा.

मग मीच चिमीला गुपचूप फोन केला. म्हटलं, "बाबा शनिवारी तुझा शेवट वाचणार आहेत. जीव अर्धा झालाय त्यांचा." पलीकडे नुसता पंखा. मग म्हणाली, "बघते."

बघते म्हणजे नाही, असंच मी धरून चालले. शनिवारी संध्याकाळी खिडकीत मान खाली घालून तिकिटं फाडत होते, तर समोरून आवाज, "एक द्या." वर बघते तर चिमी! वाळलेली, डोळ्याला चष्मा लागलेला. मी म्हटलं, "अगं, रांगेत कशाला उभी राहिलीस? जा की आत." तर म्हणते, "तिकीट काढूनच जाते. उगाच बाहेर जा म्हणाले तर?" मला एकीकडे रडू येत होतं आणि एकीकडे तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटत होता.

खिडकी लावून मी टॉर्च घेऊन हॉलच्या दाराशी उभी राहिले. ती शेवटच्या रांगेत कोपऱ्यात बसली. ह्यांना टेबलापासून ती दिसणं शक्य नव्हतं.

ह्यांनी वाचायला सुरुवात केली. काय वाचलं म्हणून सांगू! नावडता मजकूर, पण आवाजाने बेइमानी केली नाही. आकाशगंगा पळू लागल्या. थांबल्या नाहीत. एकेक दिसेनाशी होऊ लागली. "जे लांब गेलं," हे म्हणाले आणि अडखळले. कधी अडखळत नाहीत हो हे. "जे लांब गेलं, ते आणखी लांब जात राहील." तारे एकेक करून विझले. "मग फक्त अंधार." शेवटचा तारासुद्धा गेला.

आणि ह्यांचं वाचन संपलं.

आम्ही वाट बघतोय. दिवे नाहीत. टाळ्या कशावर वाजवणार? कुणीतरी खोकलं, कुणाची तरी खुर्ची करकरली. पहिल्या रांगेतून एका पोराने विचारलं, "आई, संपलं का?" आई कुजबुजली, "नाही रे, ते म्हणाले ना, संपतच नाही." मॅडम कुठूनतरी "काका, काका" करत होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं. कागदात 'अंधार' हा शेवटचा शब्द होता. दिवे लावा असं कुणी लिहिलंच नव्हतं, आणि हे बोलले होते, कागदात आहे तेवढंच. पण मी नवऱ्याला ओळखते. नुसता हट्ट असता तर एव्हाना घसा खाकरला असता. हा माणूस तिथे अंधारात उभा होता आणि त्याला पुढे काय करायचं ते खरोखरच कळत नव्हतं.

मी टॉर्चच्या बटणावर अंगठा ठेवला. लावणारच होते.

तेवढ्यात मागच्या कोपऱ्यातून आवाज आला, "बाबा, दिवे लावा ना."

मग माइकवरून, भरल्या हॉलला ऐकू जाईल असा, पण त्या मोठ्या आवाजात नाही, घरच्या आवाजात, जो मी इतक्या वर्षांत दोन-चारदाच ऐकला असेन, "चिमे? आलीस तू? लावतो गं. थांब, बटण सापडत नाहीये."

ज्या बटणाची रोज रुमालाने पूजा केली, ते सापडेना! चाचपडताना ह्यांनी माइक पाडला, पाण्याचा ग्लास पाडला, नव्या यंत्राचं काहीतरी दाबलं आणि घुमटावर अचानक शनी उगवला. अख्खा हॉल पुन्हा हसला. त्या शनीच्या उजेडात चिमी खुर्च्यांमधून वाट काढत टेबलापाशी गेली आणि तिनेच ते गोल बटण फिरवलं. पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागला. उजाडलं तेव्हा हे तिची बाही घट्ट धरून उभे होते. डोळे रुमालाने पुसत होते. त्याच रुमालाने.

सगळं गोड झालं असं समजू नका. जेवताना दोघं पुन्हा भांडले. हे म्हणाले, "चल, लांब जातं ते मान्य. पण सपाट मी मानणार नाही." तिने टेबलावर चादर अंथरून दाखवली, ह्यांनी चादरीवर कलिंगड ठेवलं. ती म्हणाली, "बाबा, शेवटाचंही अजून कुणाला पक्कं ठाऊक नाही, आज तसं वाटतंय एवढंच." त्यावर हे माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ! मी म्हणत नव्हतो?" मी ताटं उचलली. टपालाचं काम सुटलं, एवढ्यावर मी खूश होते.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी कागदाच्या शेवटी 'हॉलचे दिवे लावावेत' असं टाइप करून दिलं. हे काही ऐकत नाहीत. आता रोज तिन्ही शोंना अंधार झाला की हे हात बांधून उभे राहतात आणि हॉलमधून कुणीतरी दिवे लावा म्हणेपर्यंत बटणाला हात लावत नाहीत. पोरं असली की लगेच ओरडतात. मोठी माणसं लाजतात, वेळ लागतो. मागच्या आठवड्यात दुपारच्या शोला दहा-बारा पेन्शनर होते, त्यातले निम्मे झोपलेले. कुणीच बोलेना. शेवटी मी खिडकी सोडून आत गेले आणि दारातून ओरडले, "अहो, लावा दिवे, भाजी आणायची आहे!"

"लावतो," हे म्हणाले, आणि उजाडलं.