तापाने फणफणलेली सिस्टर

देवावर रागावू नये म्हणतात. मी मात्र त्या दुपारी आमच्या गावदेवीला, मातामायला, मनातल्या मनात चांगलंच सुनावत होते. माझी लेक नागपुरात राहते, तिथे हाकेच्या अंतरावर दवाखाने. पण पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत, म्हणून तिला देवरीकडच्या आमच्या गावी आणलं. कळा सुरू झाल्या तेव्हा सरकारी दवाखान्यात डॉक्टरच नव्हते. आधीच्यांची बदली झाली होती आणि त्यांच्या जागी कोणी आलं नव्हतं. सगळ्या दवाखान्याला एकच सिस्टर. रुग्णवाहिकाही दुसऱ्या बाईला घेऊन गोंदियाला गेलेली. "दोन्ही जीव राख," एवढंच मी घोकत राहिले.

पोर जन्मलं, पण रडलं नाही. सिस्टर त्याला घेऊन टेबलाकडे धावली आणि इकडे लेकीचं रक्त थांबेना. मी ओरडतच बाहेर आले. वॉर्डात एक बाई सलाईन लावून पडली होती. ती उठली, हातातली सुई स्वतःच काढली आणि भिंत धरत आत आली. ती लांबच्या एका गावच्या उपकेंद्रातली नर्स होती, मलेरियाने आडवी झालेली, हे मला नंतर कळलं.

"काऊन रडून राहिली, माय? हात धर तिचा, बोलत राय तिच्यासंगं," ती म्हणाली. तिने इंजेक्शन दिलं, लेकीचं पोट चोळत, दाबत राहिली. गाडी परत आली तेव्हा तशीच सोबत चढली. गोंदियापर्यंत तिने हात काढला नाही. तिचा खांदा मला लागत होता, तव्यासारखा तापलेला.

लेक वाचली. नातू गेला.

गावातल्या बाया म्हणतात, मातामायच त्या रूपाने आली. असेल. मी दोन जीव मागितले होते, तिने एक ठेवला. त्या नातवासाठी मी अजून रडते, आणि रडता रडताच देवीचे आभारही मानते.

पुढे मी त्या नर्सबाईला भेटायला तिच्या गावी गेले. उपकेंद्रात ती एकटीच, बाहेर बायांची रांग. "तुम्ही त्या दिवशी तिथं नसता तर," म्हणत मी तिचे हात धरले. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "मी तिथं होती, म्हून इथं कुलूप होतं जी."

मग तिने रांगेतल्या पुढच्या बाईला आत बोलावलं; त्या दिवशी इथल्या दारात कोण आलं होतं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. आता मी मातामायपुढे काही मागत नाही, कोणाला राखायचं ते तिच्यावर सोडलं. फक्त दिवा लावताना त्या कुलपापाशी येऊन परत गेलेली कोणाची तरी लेक डोळ्यांपुढे येते, आणि मी तिच्यासाठी डोकं टेकते.