मागे न फिरणारी बॅग: डोंबिवली ते घोडबंदर, शीळफाट्यामार्गे

आधीच सांगतो, ही लडाख ट्रिप नाही. डोंबिवली पूर्वेहून घोडबंदर रोडच्या आतल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजपर्यंत, बाइकवर, एका निळ्या बॅगेला घेऊन. बॅग माझी नव्हती. कॉलेज मात्र एकेकाळी माझं होतं. दुसऱ्या वर्षाला वर्कशॉपच्या सरांशी वाजलं, मी फाइल भिरकावली आणि म्हटलं, ह्या गेटच्या आत परत पाय ठेवणार नाही. तेव्हापासून मामाच्या इन्व्हर्टर रिपेअरिंगच्या दुकानात बसतो.

बॅग ऋतुजाची. आमच्या समोरच्या दारात राहते, त्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, रोजचा प्रवास नको म्हणून यंदा हॉस्टेलला गेलीय. ती मला आवडते. हे बिल्डिंगमध्ये तिला सोडून सगळ्यांना माहीत असावं.

तर हिवाळ्याची सुट्टी संपली. मंगळवारी सेम सुरू, आणि दुपारीच तिच्या प्रोजेक्टचा रिव्ह्यू. मंगळवारी नेमकी अमावस्या. तिची आई, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या, अमावस्येला पोरीला घराबाहेर काढणार नाही. मग तोडगा निघाला तो आपला जुनाच: प्रस्थान ठेवायचं. म्हणजे चांगला दिवस बघून प्रवासातली एक बॅग दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. बॅग निघाली म्हणजे माणूस निघालं. नंतर माणूस अमावस्येला का जाईना, चालतं. अट एकच, ती बॅग परत आपल्या घरात आणायची नाही. रविवारी काकूंनी कपड्यांत सुपारी आणि तांदळाची पुरचुंडी घालून बॅग आमच्या शू-रॅकशेजारी ठेवली. ही तर नक्की जाणारच, म्हणून ऋतुजाने प्रोजेक्टचा डबाही त्यातच टाकला.

मंगळवारी सकाळी काका आणि ऋतुजा कॅबने गेले. काकूंनी घरातलं सगळं सामान मोजून खाली पाठवलं. घरातलं. मी ब्रश करत बाहेर आलो तर निळी बॅग शू-रॅकशेजारी आरामात बसलेली.

"अरे देवा," काकू दारातच बसल्या. "आधी निघालेली तीच राहिली रे!"

मी फोन लावला. ऋतुजाचा आवाज अगदी बारीक झाला. "ओम्या, डबा त्यात आहे. त्याच्याशिवाय मी काय दाखवणार?"

"आणतो."

"तू? तू तर गेटच्या आत येत नाहीस."

"गेटपर्यंत तर येतो ना."

"बरं, मग गेटवर ये," ती म्हणाली आणि फोन ठेवला. डोकं असं तडकलं की अंघोळ न करताच निघालो.

आता रस्ता. तुम्ही म्हणाल, माणकोली पुलावरून का नाही गेलास? आमचं घर मानपाड्याकडे. सकाळी पश्चिमेला निघायचं तर स्टेशनजवळच्या पुलावरच अर्धा जीव जातो. म्हणून मी कल्याण-शीळ रोड धरला. काटईपर्यंत मस्त. हवेत गारवा होता, बॅग टाकीवर, हनुवटीखाली. तिच्या कपड्यांना डांबरगोळ्यांचा वास येत होता. मला तोही आवडला, काय करणार.

शीळफाट्याला सगळं अडकलं. दोन कंटेनर आडवे, मधल्या फटीत आम्ही बाइकवाले. एका रिक्षाने माझा आरसा तोडून खाली पाडला. मी स्टँड लावून उतरलोच.

"ओ भाऊ, डोळे घरी ठेवून आलात का?"

रिक्षावाल्याने माझ्याकडे बघितलं, मग बॅगेकडे. "भाई, आज अमावस है. कल झगडते हैं ना, फुरसत से."

मागचे दोघंतिघं हसले. एरवी मी त्याची कॉलर धरली असती. पण फट मोकळी होत होती. आरसा उचलून खिशात घातला आणि निघालो. (टीप: शीळफाट्याच्या अलीकडेच वडापाव खाऊन घ्या. पुढे बायपासला थांबायची सोय नाही. पेट्रोलही मानपाड्यालाच भरा.)

मुंब्रा बायपासला एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली पसरलेलं गाव आणि पलीकडे खाडी. कुणी ह्याचं कौतुक करत नाही, कारण सगळे खड्डे चुकवण्यात असतात. मीही तेच करत होतो, डब्यातली वायर सुटेल म्हणून. त्या सर्किटचं सोल्डरिंग सुट्टीत आमच्याच टेबलावर झालेलं. ती तार धरायची, मी कथील लावायचो. दोघांपैकी कोणी जोरात श्वास घेत नव्हतं. मी का घेत नव्हतो ते मला माहीत आहे. तिचं विचारायला हवं होतं.

रेतीबंदरला उतरतो तोच काकांचा फोन. ते तिला सोडून ऑफिसच्या वाटेला लागलेले.

"ओमकार, कुठे आहेस? हे बघ, मागे फिर. मॅडमना विनंती करून रिव्ह्यू पुढे ढकलू. संध्याकाळी मी नेईन बॅग."

"काका, प्रस्थान आहे ते. मागे नाही फिरत."

"हे तुला काकूने पढवलं का?"

"नाही काका. माझं मीच ठरवलंय."

"हळू चालव," म्हणाले.

कळव्यात बॅगेचा पट्टा तुटला. नाक्यावरच्या भाजीवाल्याने मेथी बाजूला सारून सुतळी दिली, वर गाठही स्वतःच मारली. पैसे घेईना, म्हणून मेथीची जुडी विकत घेऊन जॅकेटात खोचली. खाडीपूल ओलांडला, साकेत, माजिवडा. घोडबंदर रोडला सरळ घुसू नका, मेट्रोच्या पत्र्यांमध्ये अडकाल. बाळकुमवरून कोलशेतच्या बाजूने आतून जा. मी तसाच गेलो, तर बाळकुमला रस्ता खणलेला. टॉवरच्या सावलीत सुकट विकणाऱ्या मावशी ओरडल्या, "फुडं बंद हाय रं! माघारी जा!"

"मावशी, माघारी नाही जाता येत."

"मंग देवलाच्या मागून जा. पन हलू, पोरं खेलतान."

टॉवरांच्या मागे जुनं गाव अजून आहे. देऊळ, विहीर, अंगणात वाळत घातलेल्या गोधड्या. कधी गेलात तर बाइक हळू न्या, पोरं खरंच मध्ये खेळतात.

गेटवर पोचलो तेव्हा ऋतुजा फोन उचलेना. रिव्ह्यू सुरू झालेला, तिथे फोन सायलेंटवर ठेवायला लावतात. वॉचमन तोच जुना.

"आयकार्ड?"

"नाहीये."

त्याने चष्मा वर केला. "तू तो वर्कशॉपमध्ये फाइल फेकलेला ना?"

"हो. तोच."

"मग तुला आयकार्ड कशाला? जा."

बॅग त्याच्या टेबलावर ठेवून फिरलो असतो तर माझा शब्द राहिला असता. वर तिसऱ्या मजल्यावर तिची पाळी येत होती. मी बॅग खांद्यावर टाकली आणि आत शिरलो. जिन्यावरून धावतच.

ती लॅबच्या बाहेर भिंतीला टेकून उभी होती, ओठ चावत. मला बघितलं. तिथेच जमिनीवर बसून चेन उघडली, कपडे उपसले आणि डबा काढला. घाईत पुरचुंडी सुटली, तांदूळ कॉरिडॉरभर पसरले. बॅटरी जोडली. दिवा लागला. ती डबा घेऊन आत पळाली.

मी तांदूळ गोळा करत होतो, तर समोर बूट. वर्कशॉपचे सर.

"तू?" ते म्हणाले. "इथे काय करतोयस?"

"बॅग आणली, सर."

"फेकली नाहीस?"

कान गरम झाले. काहीतरी कडक जिभेवर आलं होतं, ते गिळलं. "नाही सर. नीट आणली."

ते थोडं हसले, तांदूळ चुकवून पुढे गेले.

रिव्ह्यू झाल्यावर ती कँटीनला आली. दोन प्लेट मिसळ तिनेच आणल्या. (इथली मिसळ आहे तशीच आहे, पाव चांगला.)

"तू आत आलास," ती म्हणाली.

"बॅग आत यायची होती."

"बॅगेचं नाव पुढे करू नकोस."

आख्ख्या रस्त्याने मी एक वाक्य घोळवत आलो होतो. ते तेव्हाच म्हणायचं होतं. तोंडातून भलतंच निघालं, "दुसऱ्या वर्षाचं टाइमटेबल कुठे लागतं?"

तिने पाव खाली ठेवला. "जिन्याजवळ. पण ज्युनियर असशील तू माझा. मॅडम म्हणायचं."

"म्हणेन."

"आणि कॉलेजला येताना मेथी नको आणूस." तेव्हा कळलं, जुडी अजून माझ्या जॅकेटातून डोकावत होती.

येताना ऑफिसमध्ये विचारून घेतलं. सोमवारपासून बसता येईल, राहिलेले विषय द्यावे लागतील. परत आलो ते माणकोली पुलावरून. खाडीवर ऊन उतरत होतं आणि रस्ता चक्क मोकळा. मामाला आधीच फोन करून सांगितलं, चार शिव्या खाल्ल्या. दुकानात संध्याकाळी बसेन म्हटल्यावर एक परत घेतली.

काल बुधवार, अमावस्या उलटलेली. माळ्यावरून माझी जुनी कॉलेजची बॅग काढली, ड्राफ्टर आणि एप्रन भरला आणि समोरचं दार वाजवलं.

"काकू, एवढं सोमवारपर्यंत ठेवाल?"

काकूंनी बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. काही न विचारता आत जाऊन सुपारी आणि मूठभर तांदूळ आणले, बॅगेत घातले. "आता मागायला आलास तरी देणार नाही," म्हणाल्या. "आणि ह्या वेळी बॅग माझ्या दाराच्या मधोमध राहील. ती ओलांडल्याशिवाय मला जाता येणार नाही अशी."

घरी येऊन आईला म्हटलं, "मी निघालो."

"निघालायस ना?" आई कणीक मळता मळता म्हणाली. "मग जाता जाता दूध आण."