बेंच कोणी हलवला?

बेंच चोरीची ती तक्रार आजही आठवते, आणि आधी हसूच येतं. शिरूर अनंतपाळ भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. हद्दीतल्या एका गावाला साठवण तलावाचं काम चालू होतं. तिथल्या अभियंत्याचा फोन आला, की आमचा बेंच कोणीतरी हलवलाय. पोलिसांच्या लेखी हलवला म्हणजे चोरला. ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरीला बाक चोरीची नोंद केली आणि चहा सांगितला.

खबऱ्यानं दुपारच्या आत बातमी आणली. तलावाच्या रस्त्याला हॉटेल चालवणाऱ्या चाचांकडे नवाकोरा लाकडी बाक आला होता. खबऱ्यांचं हे असंच, काय गेलं ते सांगितलं की त्यांना ते कुठंतरी दिसतंच. हवालदारानं चाचांना बाकासकट जीपमध्ये घालून आणलं.

निर्दोष माणूस ठाण्यात आला की आधी भांडतो. साठी ओलांडलेले चाचा मात्र नुसते घाम पुसत होते. मी विचारलं, "चाचा, बेंच कुठून आणला?"

"आणला न्हाई, साहेब. जागेवरच हाय. नुस्ता वीतभर खाली बसवला."

हवालदारानं वाकून बाकाचे पाय पाहिले. चारही धड होते. मलाही काही उमगलं नव्हतं, पण चौकशीत ते चेहऱ्यावर दिसू द्यायचं नसतं. मी नुसती मान डोलावली. तेवढ्यात अभियंता आला, बाकाकडे बघून कपाळाला हात लावला आणि म्हणाला, हा नव्हे, बेंचमार्क.

मग त्यानं समजावून सांगितलं. पूर्वीचे मोजणीवाले पक्क्या दगडात आडवी खाच कोरत. खाचेत लोखंडी पट्टी बसवली की मोजपट्टी टेकवायला बैठक व्हायची. ती बैठक म्हणजे बेंच, आणि ती खूण म्हणजे बेंचमार्क. त्या खुणेची उंची एकदा ठरली की आसपासच्या सगळ्या उंच्या तिच्यावरून काढायच्या. हल्ली खाच नसते, दगडाचा माथाच खूण धरतात, पण नाव तेच राहिलं. इथला दगड चाचांच्या हॉटेलाच्या कोपऱ्याला पुरला होता. मोजणीवाले तिथंच चहा पीत आणि दिवसभर 'बेंच, बेंच' करत. त्यामुळे चाचांना बेंच म्हणजे तो दगड एवढंच माहीत होतं. मी बाकाचं विचारत होतो, ते दगडाचं कबूल करून बसले होते.

दगडावरून बुडिताची रेघ आखायची होती. रेघेच्या आत येणारी घरं उठणार होती. चाचांनी बुडाची माती काढून दगड खाली बसवला, म्हणजे रेघही खाली सरकेल आणि त्यांचं घर वाचेल.

"बायको त्याच घरात गेली माझी," चाचा म्हणाले. "आता सून बाळंत झालीय. तान्ह्या लेकराला घेऊन कुठं जाऊ?"

अभियंता तरुण होता, पण आवाज चढवला नाही. सांडवा आधीच जुन्या उंचीवरून बांधून झाला आहे, पाणी त्याच्या माथ्यापर्यंत चढणार, असं त्यानं सांगितलं. "रेघ खाली गेली असती, चाचा. पाणी गेलं नसतं."

चाचा हळूच म्हणाले, "पाळणा पुढच्याच खोलीत हाय." आणि मुद्देमाल म्हणून आणलेल्या त्या बाकावर मटकन बसले. मला फार वाईट वाटलं.

मोजणीची खूण बिघडवल्याचा गुन्हा दाखल करावाच लागला. पुढे कोर्टानं समज देऊन सोडलं. दगड पूर्वीच्या उंचीला बसवला, रेघ आखली, घर आत आलं आणि उठलं.

आता बेंचमार्क हा शब्द शाळेच्या निकालापासून कंपनीच्या जाहिरातीपर्यंत कुठंही ऐकू येतो. मी मात्र त्या दिवसापासून जबाब घेताना आधी एवढंच बघू लागलो, की समोरचा कोणत्या खुणेवरून बोलतोय. तेच शब्द वापरून दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टी बोलत असतात.

तलाव पहिल्यांदा भरला तेव्हा मी मुद्दाम गेलो. जुन्या घराच्या पुढच्या खोलीत पाणी शिरलं होतं. चाचांचं नवं घर वर माळाला होतं, हॉटेलही त्यांनी शेजारीच नेलं होतं, पाळणाही तिथंच हलत होता. चाचांनी तो लाकडी बाक फडक्यानं पुसून माझ्यापुढे सरकवला.

"बसा, साहेब. ह्यो माझाच हाय."