सभेत मी ओरडले ते

आमच्या गावच्या दूध संस्थेत बायकांना मत मिळालं ते माझ्या थोरल्या जाऊबाईंमुळं. आम्ही सगळ्या त्यांना आक्का म्हणतो. शेणघाण आम्ही काढायची, धारा आम्ही काढायच्या, भल्या पहाटे किटली घेऊन रांगेत आम्ही उभं राहायचं, आणि सभासद कोण? तर अंथरुणात घोरणारा दादला! आक्कांनी हे चारचौघांत बोलून दाखवलं, तर गावानं त्यांनाच वेड्यात काढलं.

पण त्या हटल्या नाहीत. दूध घालायला आलेल्या एकेकीला संस्थेच्या दारात धरून समजावलं. कोल्हापुरातल्या सहकार खात्याच्या पायऱ्या झिजवल्या. "म्हस पान्हा कुणाच्या हाताला सोडती, सायेब? मग मतबी त्याच हाताचं की!" असं साहेबाच्या तोंडावर म्हणाल्या. शेवटी आम्ही बायका सभासद झालो.

मग पहिली वार्षिक सभा आली. देवळाच्या मंडपात बाप्ये पुढं, आम्ही मागं, पदर सारखे करत बसलेल्या. आमच्याकडची सभा कशी चालते, हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. सचिवानं विषय वाचायला तोंड उघडलं की पुढची पोरं "मंजूर! मंजूर!" म्हणून बोंबलतात. वाचून व्हायच्या आत ठराव पास, आणि मग चहा-चिवडा.

त्या दिवशी शेवटी एक विषय निघाला. एका घरातनं एकच मत, आणि तेही कुटुंबप्रमुखाचं, असा पोटनियम करायचा. म्हणजे आक्कांनी मिळवलेलं सगळं पाण्यात. कर्णा खरखरत होता, पण मला शब्द न् शब्द कळला. पुढं बसलेल्या आमच्या मालकांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं हो, डोळेसुद्धा वटारले नाहीत. आणि मी भवानी ओरडले, "मंजूर!"

तेही केवढ्यानं! जन्मात पहिल्यांदा सभेत आवाज काढला, तो हा असा. माझं ऐकून आणखी चारजणी ओरडल्या. आक्का उभ्या राहून "नामंजूर! नामंजूर!" करत होत्या. चेअरमन हसले.

"वैनी, तुमच्या घरातनंच मंजूर आलंय की. बसा खाली."

सगळा मंडप खदाखदा हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी आक्का संस्थेच्या दारात बायकांना सांगत होत्या, "तिच्यावर कशाला खापर फोडता? त्या कर्ण्याच्या खरखरीत तिला न्हाय ऐकू आलं." मी तिथंच होते. "व्हय, न्हायच ऐकू आलं," मी म्हणाले. खोटं बोलायची लाज वाटली, पण खरं बोलायची त्याहून जास्त वाटली.

दुपारी त्या आमच्या गोठ्यात आल्या. ठरावाला हरकत घेणारा अर्ज त्यांनी लिहून आणला होता. माझ्या ओरडण्यानंच बायकांनी कच खाल्ली होती, म्हणून पहिली सही माझी हवी होती.

"तुझी बघून बाकीच्या करतील. उद्या कोल्हापुरात द्यायचा हाय, न्हायतर मत गेलंच म्हणून समज," त्या म्हणाल्या आणि पेन पुढं केलं.

माझे हात शेणानं भरलेले. मी ते धुतले, पदराला पुसले, परत धुतले. जेवढा वेळ काढता येईल तेवढा काढला. आक्का पेन धरून उभ्याच.

मी म्हटलं, "आक्का, ह्यांना इचारून सांगते."