साहेबांच्या गळ्यातली गुंडी

परवा स्कूटर दुरुस्त करून झाल्यावर मिस्त्रीने तेलकट हात सुताच्या बोळ्याला पुसले, आणि त्या वासासरशी मूर्तिजापूरकडचं आमचं सूतकताई केंद्र आठवलं. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. केंद्र गावातल्या महिला मंडळाचं, आणि मी तिथे बायकांना लिहायला-वाचायला शिकवायची. पाहुण्याच्या गळ्यात हारासारखी आमच्या हातसुताची गुंडी, म्हणजे सुताची लड, घालायची, हा तिथला रिवाज. सरकारी अनुदान बंद झाल्याचं सांगायला जिल्ह्याचे साहेब आले, तेव्हाही ती घातलीच. "सेवेला पैसा कशाला लागतो?" असं आम्हालाच ऐकवून ते निघाले, तर जीप सुरू होईना. त्यांनी गळ्यातली गुंडी ड्रायव्हरकडे फेकली आणि त्याने त्या सुताने इंजिनाचं काळं तेल पुसलं. मंडळाच्या अध्यक्षबाई तरातरा गेल्या. "आमचं सूत वापस करा!" साहेब हसले. बाईंनी गुंडी ड्रायव्हरच्या हातून ओढून घेतली, घरी सोड्यात उकळली, पण डाग गेला नाही. अनुदान गेल्याने कापूस घ्यायला पैसे उरले नाहीत आणि चरखे थांबले. पुढच्या गांधीजयंतीला तेच साहेब फोटोवाला घेऊन हजर, कारण रिपोर्टात केंद्र चालू दाखवायचं होतं! सवयीने त्यांनी मान वाकवली. बाईंनी तीच काळी गुंडी त्यांच्या गळ्यात घातली. "हे काय?" ते पुटपुटले. "तुमचीच आहे, साहेब. नवं सूत काताले कापूस कोन देते आमाले? काढू नका, फोटो काढून राहिला तो." तो फोटो रिपोर्टात लागला की नाही, कोण जाणे. मिस्त्रीने बोळा गटारात भिरकावला तेव्हा मात्र साहेबांनी गुंडी फेकली होती तेव्हासारखंच माझं डोकं पुन्हा तापलं.