जयपूर सोडणाऱ्याचा डबा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मृण्मयीलासुद्धा नाही — स्वतःच्या बायकोला नाही, म्हणजे बघा.

आम्हाला छंद जिओकॅशिंगचा. एकानं पाणी न शिरणारा डबा कुठंतरी लपवायचा, ठिकाण ॲपवर टाकायचं. बाकीच्यांनी मोबाइल घेऊन तो हुडकायचा, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबा होता तिथं ठेवायचा. नोकरीसाठी नाशिकहून जयपूरला आलो, तिथल्या मानसरोवर भागात घर घेतलं, आणि या छंदाच्या ग्रुपमुळे माणसांत आलो. वानखेडे त्याच ग्रुपमधले. मूळचे अकोल्याचे, रेल्वेत सिग्नलच्या कामावर. आमच्यात सगळ्यात जुने आणि — मान्य करतो — सगळ्यात चांगले.

माझा पहिला डबा सी-स्कीम भागातल्या एका बागेत होता. त्यात पाणी गेलं. एका रविवारी सगळे जमलेले असताना वानखेड्यांनी तो उघडला, आतला लगदा चिमटीत धरून वर केला आणि विचारलं, "हा डबा हाये का कचरापेटी?" सगळे हसले. मृण्मयीही हसली. तिचं ते हसणं — ते काही केल्या गिळता येईना. वानखेडे खोटं बोलले होते का? नाही. म्हणून तर जास्त लागलं.

मी वाट पाहिली. त्यांच्याशी गोड बोललो, त्यांच्या सल्ल्यानं नवे डबे केले. आणि वाट पाहिली.

पुढे डबे वाढले. निम्मे फुटलेले, कुणी फिरकत नसे. एकदा तर बेवारस डबा बघून कुणीतरी पोलीस बोलावले. मग ठरलं, नियम करायचे — डबा कसा असावा, कुठं नसावा, मालकानं किती दिवसांनी बघून यावं. मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलं.

नेमकं तेव्हाच वानखेडे मला चहाला घेऊन गेले. बिकानेरला बदली झाली होती. आदर्श नगरच्या टोकाला, टेकडीच्या अंगाला एक जुनी दगडी भिंत आहे. तिच्या फटीत त्यांचा डबा होता. सुनीतावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्याला प्लास्टर आणि दगडाची भुकटी लावून असा घडवला होता की हात लावेपर्यंत दगडच वाटायचा. दिल्लीची माणसं तो शोधायला यायची.

"तू पाहून घेशीन का रे त्याले? आपला माणूस हायेस म्हणून सांगून राहिलो."

"बघतो की," मी म्हणालो.

आणि घरी येऊन मसुद्यात एक ओळ घातली — जो जयपुरात राहत नाही, त्याचा डबा जयपुरात राहणार नाही. दुसऱ्यावर सोपवलेला चालणार नाही.

बैठकीत मी ती वाचली. ग्रुप चालवणारे शर्माजी खूश झाले. "वाह भैया! क्वालिटी ऐसे ही आएगी." हात वर झाले. वानखेडे माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं — मला दिसलं की त्यांना कळलं. मग त्यांनीही हात वर केला.

मला काय वाटलं म्हणता? गार वाटलं. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं, तसं.

वानखेडे आणि वहिनी डबा काढायला गेले, तेव्हा मीही गेलो. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मला बघायचं होतं. वहिनींनी तो ओढणीत गुंडाळला. सामान बांधून झालेलं होतं, तरी म्हणाल्या, "भाऊजी, आलाच आहात तर जेवूनच जा." मी त्यांच्या घरी गेलो. वानखेडे वाढत राहिले. मी पोटभर जेवलो.

नियम चांगला आहे. ग्रुपमधले फुटके डबे गेले, दुसऱ्या शहरांतल्या लोकांनीही तो उचलला. आणि ते गेल्यावर, फार दिवस न लावता, त्या भिंतीच्या फटीत मी माझा डबा ठेवला. आज ग्रुपमध्ये सगळ्यात आवडता तोच आहे. परवा कुणीतरी लिहिलं, 'जागा काय शोधलीत!'

मी धन्यवाद लिहिलं.