तानीच्या हातातली पिशवी

चंदगडच्या स्टँडवर मी एसटीत बसले, तेव्हा आईनं खिडकीतून तांदळाचं गाठोडं आत सरकवलं आणि म्हणाली, "दारात कोण आलं की आधी हातातली पिशवी घे बाई. मग पाणी. पिशवी घेतली म्हंजे त्यानं ऱ्हायाचं." नव्वद-एक्याण्णव साल असेल. ह्यांना कबनूरला यंत्रमागावर काम लागलं, म्हणून निघालो.

तुम्ही गावाकडची मंडळी अजून विचारता, तिथं निभावलंत कसं? दीड खोलीत निभावलं, आणखी काय. शेजारच्या शेडातले माग दिवसभर खडखडायचे, मोठ्यानं बोलायची सवय मला तिथंच लागली. आणि पावणं कायम. ह्यांच्या भावकीतला जो काम शोधायला यायचा, तो आमच्याकडंच उतरायचा. एक तर सहा महिने राहिला. हे दारातूनच सांगायचे, "दोन भाकऱ्या जास्त टाक." मला कधी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे मलाही ठाऊक नव्हतं. मी आपली पिशव्या घेत गेले.

मग माझी धाकटी बहीण तानी आली. डोळ्याचं ऑपरेशन सांगितलेलं, आठ दिवस तरी राहावं लागणार होतं. मी तिची पिशवी घेऊन खुंटीला अडकवली. हे मागावरची पाळी संपवून आले, तिच्याकडं बघितलं आणि मला म्हणाले, "मला इचारलंस?"

"तुमी मला कवा इचारलंसा?"

"घर माझं हाय."

"मग चूलबी तुमचीच. उद्यापास्नं तुमीच पेटवा की."

हे पाय धुवायला मोरीकडं गेले. मला वाटलं, मी जिंकले. पण तानी तिथंच बसली होती.

सकाळी मी नळावरून पाणी घेऊन आले तर खुंटी रिकामी. स्टँडवर पळत गेले, गाडी सुटलेली. पुढं भातलावणी आली, ऑपरेशन राहिलं ते राहिलंच. तो डोळा गेला.

आता आमचं स्लॅबचं घर आहे, पाहुण्यांना वेगळी खोली, आत बाथरूम. तानी तशी निघून गेली तेव्हापासून हे मला विचारतात, "अमका येतो म्हणतोय, बोलवू का?" सून तर माहेरचं कोणी यायचं असलं की आम्हाला विचारत नाही, नुसतं सांगते. मला ते बरं वाटतं.

तानी वर्षातून एकदा येते. हे स्वतः उठून हात पुढं करतात. ती म्हणते, "ऱ्हाऊ द्या दाजी, हलकीच हाय." आणि पिशवी मांडीवर घेऊन बसते, संध्याकाळच्या गाडीपर्यंत.

घर झालं का, म्हणून विचारता. बांधून झालंय. तानीनं पिशवी खाली ठेवली की कळवीन.